मांदेलीवर घेतलेला आळ

न्यूमोनियातून बरी होऊन आई अंधेरीच्या हॉस्पिटलातून घरी आली आणि तिसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. निदान मी तासाभरात केलं: मांदेली. आदल्या दिवशी वेसाव्याच्या कोळणीने दिली होती. वीस वर्षं ती आमच्या इमारतीत टोपली घेऊन येते. मी तिला जिन्यातच गाठून ओरडलो, "शिळी मासळी खपवून म्हातारीला मारायला निघालीस काय?"

"सकाळचीच हाय, दादा," ती म्हणाली. पण दारं उघडली होती. तीन घरांनी तिच्याकडून घेणं बंद केलं.

आईला मी कपाटातल्या जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या. जुलाब थांबले. मी खूश. मग तिचं पोट फुगलं, ताप चढला.

आमच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. मासळीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही, हॉस्पिटलची फाइल मागितली. "एवढी जबरदस्त अँटिबायोटिक्स?"

"मीच मागे लागलो होतो," मी अभिमानाने सांगितलं.

"त्यांनी पोटातले चांगले जंतूही मारले. अशा वेळी हॉस्पिटलात लागणारा एक जंतू आतड्यात माजतो. शौचाची तपासणी करू. त्या जुलाबाच्या गोळ्या आधी बंद करा, त्यांच्यामुळे जंतूचं विष आतच राहतं. आणि नमुना पातळच हवा, घट्ट असेल तर लॅब घेत नाही."

पातळ मी बंद करून ठेवलं होतं. पुढचा दीड दिवस मी डबी घेऊन संडासाच्या दाराशी बसलो.

"आधी थांबव म्हणून गोळ्या दिल्यास, आता होऊ दे म्हणून दारात बसलास," आई आतून म्हणाली. "एकदाचं काय ते ठरव रे बाबा!"

तपासणीत तोच जंतू निघाला. त्यावर औषध म्हणून पुन्हा अँटिबायोटिकच, फक्त वेगळं. शिवाय हात साबणाने धुवायचे, कारण सॅनिटायझरला तो दाद देत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर मी आठवडाभर सॅनिटायझरच ओतत होतो.

बरी झाल्यावर आईने पहिली मागितली ती मांदेली. कोळीण संध्याकाळी बसते त्या बाजारात जाऊन मी तिच्यापुढे उभा राहिलो. "मावशी, चुकलो. दोष हॉस्पिटलातल्या जंतूचा होता. आणि माझा."

"हितं कशाला सांगतोस?" टोपलीवरून नजर न काढता ती म्हणाली. "जिन्यात बोललास ना? जिन्यातच बोल. तेवढ्याच जोरात."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी जिन्यात उभा राहून माफी मागितली. त्या तीनपैकी एकच दार उघडलं. आवाज तेवढा चढला नाही माझा.