घाट उतरून आलेल्या विहीणबाई

आमच्या विहीणबाई, सुलभाताई, बोलायला तोंड उघडायच्या तेच "स्पष्ट सांगते हं" म्हणून. माझ्या लेकीला, मृणालला, बघायला पुण्याहून पनवेलला आल्या तेव्हा पहिल्या घासालाच म्हणाल्या, "स्पष्ट सांगते हं, पोह्यांत मीठ कमी आहे." कमी होतं खरं, पण म्हणून काय पहिल्याच भेटीत? फोटोलाही ओठ घट्ट मिटून बसल्या. मी मनात म्हटलं, माझ्या पोरीचं काही खरं नाही!

साखरपुडा पुण्याला, त्यांच्या घरी ठरला. आठवडा राहिला असताना माझ्या उजव्या डोळ्यात खालून काळी सावली चढू लागली. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा आतला पडदा सुटलाय, लगेच ऑपरेशन करायला हवं. केलं. पडदा जागेवर चिकटावा म्हणून डोळ्यात गॅस भरला आणि मला पालथं निजवलं. वर ताकीद दिली, "गॅस जिरेपर्यंत विमान नाही, घाटही नाही. उंचावर गॅस फुगतो, डोळा कायमचा जाईल."

म्हणजे खंडाळ्याचा घाट बंद. नवरा मुलगा साखरपुडा होताच परदेशी निघालेला, तारीख हलणार नव्हती. एकुलत्या एका लेकीचा साखरपुडा आणि आई इथे फरशी बघत पडलेली! मला रडू फुटलं. मृणालने पुण्याला फोन लावून माझ्या कानाशी धरला. मी म्हटलं, "माझ्यावाचून उरकून घ्या."

"स्पष्ट सांगते हं," पलीकडून आवाज आला, "आईवाचून साखरपुडा आमच्यात होत नाही. तुम्हाला घाट चढायचा नाही ना? मग आम्ही उतरतो."

आणि उतरल्या की! भर मे महिन्यात, मिनीबस भरून, आमच्या उकाड्याला नावं ठेवत. मला पाहुण्यांचे नुसते पाय दिसत होते. लाजून उठायला गेले तर खांद्यावर हात आला. "पडून राहा गप. डॉक्टरांनी पालथं म्हटलंय ना?" मग भरजरी शालू सावरत त्या पलंगापाशी चक्क फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाट इथे मांडा, यांच्या नाकाखाली." गुरुजी वाकून मंत्र म्हणाले. पलंगाच्या कडेवरून खाली बघणाऱ्या माझ्या धड डोळ्यासमोर, हातभर अंतरावर, लेकीच्या बोटात अंगठी गेली.

पडदा चिकटला. फोनवर काहीही म्हटलं असलं तरी, त्या आल्या नसत्या तर डोळा गेला तरी बेहत्तर म्हणून मी घाट चढले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. नजर आली, पण पुरती नाही. त्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसते, दाराची चौकट पोट काढून उभी असते. डॉक्टर म्हणाले, एवढं राहणारच. मी कुरकुरले तर विहीणबाई म्हणाल्या, "स्पष्ट सांगते हं, काळोख होता तिथे दार दिसतंय ना? मग वाकडं तर वाकडं."

गेल्या वर्षी त्या गेल्या. त्या पहिल्या भेटीतला फोटो मी भिंतीवर लावलाय. रोज सकाळी डावा डोळा हाताने झाकून मी तो बघते. उजव्या डोळ्याला त्या मिटल्या ओठांची रेघ टोकाला वर गेलेली दिसते. विहीणबाई हसतात.