अक्काचे चौतीस धातू

कॉलेजातला कार्यक्रम आटोपून घरी येते आणि साडी न बदलताच पलंगावर पडते. दुपारचे तीन वाजलेत. पंख्याची घरघर हळूहळू लांब जाते, आणि उशाशी अक्का बसलेली असते. माझी थोरली बहीण, रोहिणीअक्का. तिला जाऊन आठ महिने झाले.

"टाळ्या वाजवल्यास?" ती विचारते.

"सगळेच वाजवत होते गं."

"आणि पाटी वाचलीस?"

वाचली होती. काचेच्या कपाटात अक्काचे चौतीस धातू, आरशासारखे लखलखीत, आणि वर पितळी पाटी: 'प्राध्यापक इंगवले यांचा संग्रह'. ती गेल्यावर कपाट मीच कॉलेजला दिलं होतं. तिथल्या धातूंच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काम करून एकेक तुकडा अक्कानं जमवला होता.

आता पलंग नाही. आम्ही प्रयोगशाळेच्या जिन्यावर आहोत. जिना उतरतो तो थेट आमच्या न्हाणीघरात. अक्का उकिडवी बसून ओल्या पॉलिश पेपरवर एक तुकडा घासते आहे. रोज कामावरून आल्यावर बसायची, तशीच.

"इंगवल्यांनी यातला एक तरी घासला का?" तिचा आवाज चढतो. "निकेलखाली जस्ताची चिठ्ठी लावलीय त्यांनी! माणसाला धातू ओळखतासुद्धा येत नाही, आणि म्हणे माझा संग्रह!"

"एवढ्या लोकांत मी काय बोलणार होते, अक्का?"

"मी जिवंत असताना त्यांच्यासमोर बोलले नाही. तेव्हा त्यांच्या हाताखाली नोकरी होती. तुला कसली भीती?"

न्हाणीघराच्या भिंती मागं सरकतात. सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या दिसतात, प्रत्येक खुर्चीवर पाणी साचलेलं. मला रडू येतं, आणि त्याहून जास्त राग येतो. इंगवल्यांचा, आणि पुढच्या रांगेत बसून हसणाऱ्या माझाही.

"रडू नकोस. हे धर," अक्का म्हणते. "ॲल्युमिनियम आहे. घास."

मी घासते. तुकडा उजळत जातो.

डोळे उघडतात. पंखा फिरतो आहे. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं काळी झालेली, नखांच्या कडांपर्यंत. ॲल्युमिनियम घासलं की असाच काळा रंग बोटांना लागतो.

हात न धुता मी इंगवल्यांना फोन लावते.

"सर, मी रोहिणीची बहीण बोलतेय."

"कोण रोहिणी?"

"तिथंच थांबा," मी म्हणते. "येऊन सांगते."

फोन ठेवते, तर त्याच्या काचेवर काळी बोटं उमटलेली.