तिसरा मँडरिन

काकांचा दुसरा मँडरिन मासा मेला, तेव्हा मावशीने त्याला तळहातावर घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि त्याचं तोंड उघडून पाहिलं.

मावशी कवळ्या करते. दाताचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा ठसा पाठवतात आणि मावशी मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी अॅक्रिलिक घेऊन त्यावरून दात बसवते. पस्तीस वर्षं हेच काम. माणसाकडे बघायची तिची सुरुवातच तोंडापासून होते. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटली, तेव्हा खुशाली विचारायच्या आधी म्हणाली, "तुम्ही डाव्या बाजूने चावत नाही ना?" तो बिचारा अजून तिच्यासमोर हसताना तोंडावर हात ठेवतो.

काका पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी मांडली. समुद्रातले छिद्राछिद्रांचे दगड, वाळू, पंप, निळे दिवे, सगळं साग्रसंगीत. आणि स्वच्छता अशी की काच दिवसातून दोनदा पुसायचे. दगडावर शेवाळाचा ठिपका दिसला की टूथब्रश घेऊन तुटून पडायचे. टाकी लखलखायची. बाकीचे मासे धट्टेकट्टे होते, फक्त मँडरिन टिकत नव्हता.

आणि त्याच्यावर तर काकांचा जीव. बोटभर मासा. निळ्या अंगावर केशरी नागमोडी रेघा, जणू कुणी फुरसतीने बसून काढल्यात. पोहण्यापेक्षा तळाशी पंखांवर टुणटुण चालणं त्याला जास्त आवडतं. ओठ सदा पुढे काढलेले, कुणाशी तरी बिनसल्यासारखे.

"आजारी नव्हता हा," मावशी भिंग काढत म्हणाली. "उपाशी होता. पोट बघा, पाठीला लागलंय. आणि तोंड टाचणीच्या डोक्याएवढं. तुम्ही टाकता ती गोळी याला कलिंगडाएवढी वाटत असेल."

"अगं, बाकीचे सगळे तेच खातात."

"सगळ्यांना एकच कवळी बसत नसते."

दुसऱ्या दिवशी ती माशांच्या दुकानात गेली. मीही बरोबर होते. दुकानदारांनी हात जोडले. "ताई, तिसरा मागू नका. हा मासा घरात जगत नाही. काकांचे हात चांगले आहेत, पण ही जातच नाकं मुरडणाऱ्यांची."

"देऊ नका. नुसता बघू द्या."

ती स्टुलावर बसली आणि तासभर हलली नाही. मासा दगडाजवळ जायचा, एका जागी टक लावायचा, टुक्कन काहीतरी टिपायचा, पुढे सरकायचा. मिनिटात दहा-बारा वेळा. मावशीने काचेला भिंग लावलं. दगडावर मिठाच्या कणाएवढं काहीतरी तुरुतुरु पळत होतं.

"हे काय?"

"कोपेपॉड. पाण्यातले किडे म्हणा ना," दुकानदार म्हणाले. "समुद्रात हा दिवसभर तेच टिपतो. घरच्या टाकीत असतात थोडे, ते पंधरा दिवसांत संपवतो आणि मग उपासमार. मेलेलं खाणं याला खाणंच वाटत नाही."

"म्हणजे आधी कोठार भरायचं आणि मग पाहुणा आणायचा. किती दिवस लागतील?"

"निदान सहा महिने. एवढा धीर कुणाला असतो, ताई?"

"मला आहे," मावशी म्हणाली आणि पाच-सहा किडे असलेलं वाटीभर पाणी मागून घेतलं.

घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते टूथब्रश जप्त करायचं. "समोरची काच तुमची. मागची काच आणि दगड माझे. त्यांना हात लावायचा नाही." काकांनी मान्य केलं, पण त्यांचे हाल बघवत नव्हते. मागची काच हिरवी झाली, मग तपकिरी. त्यांचे एक जुने सहकारी आले आणि म्हणाले, "काय रे, टाकीकडे लक्ष नाही वाटतं हल्ली?" काका उठून समोरची काच पुसू लागले. मावशी आतून ओरडली, "भरपूर लक्ष आहे!"

स्वयंपाकघराच्या खिडकीत आठ बाटल्या आल्या. प्रत्येकीत खारं पाणी, बुडबुडे सोडणारी बारीक नळी, आणि किड्यांना खाऊ म्हणून चमचाभर हिरवं पाणी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. शेजारीण दोनदा विचारून गेली, हे कशावरचं औषध आहे म्हणून. पहिल्या दोन बाटल्या नासल्या, वास सुटला. मावशीने हिरवं पाणी निम्म्यावर आणलं आणि पुन्हा सुरुवात केली. दर आठवड्याला एका बाटलीतले किडे टाकीत सोडायचे आणि ती बाटली पुन्हा वाढू द्यायची. ठशांच्या नोंदींच्या वहीशेजारी तिची किड्यांची वही ठेवलेली असायची.

पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी तिने टाकीचे दिवे मालवले, काकांच्या हातात बॅटरी आणि भिंग दिलं. मागच्या काचेवर पांढरे कण हजारोंनी धावत होते, एकमेकांना चुकवत.

काका बराच वेळ बघत राहिले. "हे सगळं जिवंत आहे?"

"तुम्ही ब्रशने घासत होतात ते हेच."

सहा महिने झाले आणि दुकानदारांनी मुकाट्याने तिसरा मँडरिन दिला. काकांनी त्याचं नाव नवाब ठेवलं. नवाब पहिल्या दिवसापासून टिपायला लागला. मावशी शेजारपाजारी सांगत सुटली, "बघा, जमलं." तीन आठवडे जमलंच होतं. चौथ्या आठवड्यात तिला त्याच्या डोक्यामागे खळगा दिसला, म्हणजे पुन्हा उपासमार.

तिने काम बाजूला ठेवलं आणि दुपारभर टाकीसमोर बसली. मग तिला चोर सापडला. टाकीत काकांचा लाडका मासा होता, पट्टेवाला. काकांच्या बोटांतून गोळी खायचा. पण गोळ्या खाऊन झाल्या की उरलेला दिवस हाच दगडांवर फिरून किडे फस्त करत होता, तेही नवाबाच्या दुप्पट वेगाने.

"पट्टेवाल्याला दुकानात परत द्यावं लागेल," ती म्हणाली.

"तो दोन वर्षं आहे इथे!" काका भडकले. "कालच्या पाहुण्यासाठी घरच्याला बाहेर काढायचं?"

"अहो, तो कुठेही जगेल. गोळी खातो, कुणाच्याही हातून खाईल. याला दुसरीकडे कोण विचारणार?" मग म्हणाली, "चूक माझी आहे. खाणारं एकच तोंड धरून मी हिशेब केला. हे मला आधी दिसायला हवं होतं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी उठून बघते तर काका स्वतःच बाह्या सरसावून, जाळी घेऊन टाकीपाशी उभे. पट्टेवाल्याला पकडायला दोन तास लागले, अर्धे दगड बाहेर काढावे लागले. पिशवी घेऊन काका एकटेच दुकानात गेले.

दगड उपसल्यामुळे किडे आणखी कमी झाले होते. नुसत्या बाटल्यांवर भागणार नव्हतं. नवाबाला दुसरं खाणं शिकवणं भाग होतं. मावशी मागच्या खोलीत गेली आणि कवळीच्या गुलाबी अॅक्रिलिकची नारळाएवढी कुपी बनवून आली. कुपीचं तोंड एका बाजूला, इतकं अरुंद की नवाब शिरेल पण बाकीचे रुंद मासे बाहेरच राहतील. माप तिने काचेवर पट्टी धरून घेतलं होतं. कुपी घासून गुळगुळीत केली, आठवडाभर पाणी बदलत भिजत ठेवली. "तोंडाशी जाणारी वस्तू आहे, घाई नको."

खाणं म्हणजे कोळंबीच्या जातीचे सूक्ष्म जीव. त्यांची कोरडी अंडी मिळतात, खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसाभरात फुटतात. पंप बंद करायचा, ड्रॉपरने ती वळवळती पिल्लं कुपीत सोडायची, पंधरा मिनिटं थांबायचं. असं दिवसातून तीनदा.

पहिले दोन दिवस नवाबाने ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी कुपीच्या तोंडाशी येऊन आत डोकावला आणि निघून गेला.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," काका म्हणाले.

"याचं त्यानेच भरतं," मावशी म्हणाली.

पाचव्या दिवशी तो आत शिरला. कुपीत गोल फिरला, टिपत राहिला. बाहेर आला तो पुन्हा आत गेला. मावशी नुसती मान हलवत होती. आठवडा गेल्यावर तिने त्या जिवंत पिल्लांत गोठवलेली माशांची अंडी मिसळायला सुरुवात केली, आधी चिमूटभर. नवाबाने एक तोंडात घेतलं आणि थूऽ करून टाकलं. काकांचा चेहरा पडला. मावशी मात्र खूष.

"थुंकला म्हणजे तोंडात घेतलं ना? नवी कवळी पहिल्या दिवशी सगळेच काढून ठेवतात."

दोन महिन्यांनी तो निम्मं खाणं गोठवलेलं खात होता. डोक्यामागचा खळगा भरून पोट गोल झालं. ड्रॉपर भरला की तो स्वतःच कुपीपाशी येऊन थांबू लागला. मावशी कवळ्या पोचवायला बाहेर असली की ड्रॉपरची पाळी काकांची असते, आणि ते ती मीटर वाचायच्या काटेकोरपणाने पाळतात.

वर्षभराने दुकानदार एक पिशवी घेऊन आले. कुणीतरी परत केलेली मँडरिनची मादी, हाडं मोजता येतील अशी. "ताई, हिचं बघा. माझ्याकडे मरेल."

"बघते," मावशी म्हणाली. "पण लगेच त्याच्याजवळ नाही. दोघांपुरतं खाणं पिकलं की मग." चार महिने मादी वेगळ्या छोट्या टाकीत राहिली, स्वतःच्या दोन बाटल्या आणि स्वतःच्या कुपीसह. अंग धरल्यावरच ती मोठ्या टाकीत गेली.

आता नवाबाला घरी येऊन चौथं वर्ष चालू आहे. दिवेलागणीला कधीकधी तो आणि ती दगडाआडून निघतात, पोटाला पोट लावून हळूहळू वर चढतात, पृष्ठभागापाशी क्षणभर थांबतात आणि झटक्यात सुटे होऊन खाली येतात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा काकांनी मला फोन केला, पण "वर गेले, वर गेले" एवढंच सांगत राहिले. शेवटी मावशीने फोन घेतला.

"काही नाही गं," ती म्हणाली, "पोट भरलंय त्यांचं, म्हणून बाकीचं सुचतंय."