दार उघडणाऱ्याचा हात

माझ्या मामाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, कुलपं राहतात. समोरच्या घरात सतरा वर्षं राहणाऱ्या बाईंना तो अजूनही ‘अडकणारी कडी’ म्हणूनच ओळखतो. बाईंना हे ठाऊक नाही, तेच बरं आहे. एका जिन्याखाली त्याचं किल्ल्यांचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्याने पोट आत घ्यावं एवढी जागा. भिंतीवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, टेबलावर किल्ली कापायचं मशीन, दोन-तीन कानशी आणि सगळ्यावर पितळेचा बारीक भुगा. तो मामाच्या भुवयांवरही असतो. मामी म्हणते, “ह्यांना झटकल्याशिवाय मी घरात घेत नाही.”

ओळखीपाळखीत कुणाला भाड्याने घर घ्यायचं झालं की ते मामाला सोबत नेत. एजंट दार उघडत असताना मामा त्याच्या हाताकडे बघत उभा राहायचा आणि बाहेर पडल्यावर निकाल द्यायचा. “ह्याने अकरा किल्ल्या लावून बघितल्या. मालकाने ह्याला घर दिलेलंच नाही, कुठून तरी जुडगा मिळवलाय.” किंवा, “किल्ली कालची आहे, कड अजून बोटाला लागते. आणि हा म्हणतो तीन वर्षं हे घर मीच बघतो!” प्रत्येक दाराची काहीतरी खोड असते, कुठे दार ओढून धरायचं, कुठे गुडघ्याने रेटायचं, आणि ती खोड ज्याच्या हाताला माहीत तोच त्या घराचा खरा माणूस, असा त्याचा हिशेब. त्याच्यामुळे निदान डझनभर माणसं फसता फसता वाचली. त्यामुळे आमची पाळी आली तेव्हा मी निर्धास्त होते.

आमची पाळी आली ती आई पडली म्हणून. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, एक तारखेला घरी न्या, पण महिनाभर जिन्याचं नाव काढू नका. आता घरी म्हणजे कुठे? मी नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात राहत होते, तिथे पाहुणी एक रात्रसुद्धा चालत नाही. मामाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला परत तिच्या घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. म्हणजे तळमजल्यावरचं घर हवं होतं, एक तारखेच्या आत, आणि हातात होते तेरा दिवस.

पहिली दोन घरं मामाने दारातच नापास केली. तिसरं दाखवायला आलेला एजंट अत्तराचा घमघमाट सोडत आला. बोलणं असं गुळगुळीत की पाय घसरावा. “आईसाहेबांना एकही पायरी नाही बघा, मॅडम. माझीच आई समजून दाखवतोय.” मला त्याचा मनापासून राग आला, पण घर बघितलं आणि राग विरघळला. उजेड, रुंद दार, बाथरूममध्ये धरायला दांडा. दार त्याने कसं उघडलं तेही मी पाहिलं. एका हाताने मूठ किंचित वर उचलली, दुसऱ्याने किल्ली अर्धी फिरवली, थांबला, मग पुरी फिरवली. माझ्याशी बोलत बोलत, खाली न बघता.

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, “हा पोचलेला आहे बोलण्यात. पण घर ह्याच्या हातचं आहे. घे.”

खरं सांगायचं तर मला दोन गोष्टी खटकल्या होत्या. मालकीणबाई बाहेरगावी असतात म्हणून त्यांच्याशी फोनवरही बोलणं होईना. आणि करारनाम्याचा कागद ‘टायपिंगला दिलाय’ असं तो तीन दिवस सांगत होता. ऑफिसचा पत्ता विचारला तर म्हणाला, “आमचं सगळं मोबाइलवरच असतं.” मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावते, आणि मला ही एवढी मोठी अक्षरं दिसली नाहीत. दिसली, पण मामाने पास केलंय म्हणून मी डोळे मिटले. दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय असं त्याने सांगताच मी डिपॉझिट देऊन टाकलं आणि किल्ली घेतली.

एक तारखेला सकाळी मी आईला आणायला हॉस्पिटलात गेले आणि मामा माझी किल्ली आणि हत्यारांची पेटी घेऊन त्या घरी गेला. घरातल्या कुणीही नवं घर घेतलं की आधी कुलूप बदलायचं, हा त्याचा नेम. दारात पोचतो तर तिथे सामानाचा टेम्पो उभा. तान्ह्या बाळाला घेऊन एक तरुण जोडपं दारात, आणि त्यांच्या मागे दोन कॉलेजचे मुलगे गाद्या डोक्यावर घेऊन. मामा धरून तिन्ही पार्ट्यांच्या हातात किल्ल्या, आणि प्रत्येकाची किल्ली लागत होती. तेवढ्यात एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई रिक्षातून उतरल्या. त्याच घराच्या मालकीण. त्या दोन गल्ल्या पलीकडेच राहत होत्या. काल भाडेकरूने घर रिकामं केलं म्हणून त्या बघायला आल्या होत्या. भाडेकरूचं वर्णन त्यांनी सांगितलं, त्यात अत्तर होतंच.

मामा म्हणतो, त्या क्षणी त्याला सगळा उलगडा झाला. अत्तरवाला एजंट नव्हताच. तो तिथे अकरा महिने राहिलेला भाडेकरू होता, आणि जाता जाता तिघांकडून डिपॉझिट घेऊन गेला होता. दाराची खोड त्याच्या हाताला माहीत असणारच! तो रोज घरी यायचा त्या दाराने. “कुलपाने मला खरं तेच सांगितलं गं,” मामा नंतर म्हणाला. “हात सवयीचा आहे, एवढंच ते सांगतं. घर कुणाचं आहे हे कुलपाला कोण विचारतं? ते कागदाला विचारायचं. मी मूर्ख.”

पोलिसांत तक्रार वगैरे झाली. पण ती नंतरची गोष्ट. त्या वेळी दारात जोडपं आणि ते दोन मुलगे बाईंच्या विनवण्या करत होते. बाई गोंधळल्या. एकाला घर द्यायला त्यांची हरकत नव्हती, पण कुणाला? मामाच्या हातातली पेटी बघून त्या म्हणाल्या, “तुम्ही कुलूपवाले ना? तुम्ही तिऱ्हाईत आहात. तुम्हीच सांगा कुणाला देऊ.”

मी फोनवर होते. आई हॉस्पिटलच्या फाटकाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती आणि मी मामाला विचारत होते, टॅक्सी कुठे आणू? मला बाईंचा प्रश्न ऐकू आला, आणि मामाचं उत्तरही.

“बाई, मी तिऱ्हाईत नाही. तिसरी किल्ली माझ्या भाचीची आहे. मला विचारू नका, तुमचं तुम्ही ठरवा.”

बाईंनी बाळाकडे बघितलं आणि जोडप्याला घर दिलं. मामाने त्यांचं कुलूप बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत.

आईला आम्ही मामाकडेच नेलं. खालच्या भाजीवाल्याने, मामाने आणि ‘अडकणारी कडी’च्या दोन्ही मुलांनी तिला खुर्चीसकट उचललं. प्रत्येक वळणावर मी मामाला बोलत होते. लोकांदेखत बोलले, नको ते बोलले. “एक शब्द बोलला असतास तर काय तुझी जीभ झडली असती? तुझी सख्खी बहीण आहे ही!”

मामा धापा टाकत म्हणाला, “त्या अत्तरवाल्यानेही त्याच्या सोयीचंच सांगितलं होतं, बाळ.”

“तुमचं भांडण वर गेल्यावर करा,” आई खुर्चीतून म्हणाली. “दोघांनीही हात सोडू नका म्हणजे झालं.”

मी महिनाभर मामाशी धड बोलले नाही. आई चौथ्या मजल्यावर खिडकीशी अडकून पडली होती. तिला खालचा रस्तासुद्धा नीट दिसत नव्हता, नुसत्या गच्च्या दिसत. मामीने तिचं सगळं केलं, एका शब्दाने कुरकुर केली नाही. पण आई गप्प होत चालली होती, आणि ती गप्प झालेली मला बघवत नव्हती.

महिन्याने डॉक्टरांनी जिन्याची परवानगी दिली. दुसऱ्या दिवसापासून मामा चार वाजता दुकान बंद करायला लागला. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी. घरी यायचा, भुगा झटकायचा आणि आईला म्हणायचा, “चल, ताई.” पहिल्या दिवशी तीन पायऱ्या उतरून तीन चढल्या. दुसऱ्या दिवशी चार. तो एक पायरी खाली उलटा उभा राहायचा, तोंड तिच्याकडे, दोन्ही हात पुढे, तिला न धरता. “पाय टाक. मी आहे.” असे सहा आठवडे. एकही दिवस चुकला नाही.

शेवटच्या दिवशी मी कामावरून मामाकडे आले तर आई इमारतीच्या दारात उभी होती. रस्त्यावर. काठी टेकून, पण स्वतःच्या पायांवर, चार मजले उतरून. मामा शेवटच्या पायरीवर बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मी जवळ गेले तर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडत होता.

“ताईचं घर मी घालवलं,” तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या भुवयांवरचा भुगा पदराने पुसला. आई आमच्याकडे वळूनही बघत नव्हती. ती खालच्या त्याच भाजीवाल्याशी टोमॅटोच्या भावावरून हुज्जत घालत होती.