तीन शिट्ट्या

सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या आमच्या काँडोत शेजारी राहणाऱ्या चिनी आजींचं नाव मला आजही माहीत नाही. त्यांच्या दोन पिटुकल्या कुत्र्यांचा आवाज मात्र मी झोपेतही ओळखीन. रोज सकाळी आमची डब्यांची गडबड चालू असताना ती दोघं जीव तोडून भुंकायची. वर्षभर सोसलं. मग एका शनिवारी सकाळी तक्रारीचं पत्र लिहिलं आणि तडक त्यांची बेल वाजवली.

फुलाफुलांच्या पायजम्यातल्या आजींनी दार उघडलं. पत्र हातभर लांब धरून शांतपणे वाचलं, त्याची घडी घातली आणि ओठांवर बोट ठेवून मला थांबायची खूण केली. कुत्री सोफ्यावर घोरत होती. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दोघं ताडकन उठून भुंकली. दुसरी शिट्टी झाली, पुन्हा भुंकली. तिसरीलाही तेच. मग बायकोने गॅस बंद केला आणि कुत्रीही बंद झाली.

"तुझा कुकर आधी भुंकतो, लाह," आजी खास सिंगापुरी हेल काढत म्हणाल्या. "ही फक्त उत्तर देतात."

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मी पगार घेतो. पत्र गुपचूप परत घेतलं.

गेल्या आठवड्यात कुकरची रिंग गेली, म्हणून वरण पातेल्यातच शिजवलं. थोड्या वेळाने बेल वाजली. दोन्ही काखांत एकेक कुत्रं घेऊन आजी काळजीने उभ्या होत्या.

"आज डाळ नाही? ही दोघं सकाळपासून भिंतीकडे बघत बसलीयत."