मिठाच्या पाण्यातलं चिकन

माझ्या बायकोच्या घशाला रेडिएशन देऊन झालं आणि तिच्या तोंडात लाळच उरली नाही. भाताचं शीतसुद्धा टाळ्याला चिकटून बसायचं. डॉक्टर दर खेपेला वजन करायचे आणि सांगायचे, अंडी द्या, चिकन द्या, अंगात काहीतरी जायला हवं. पण चिकन तोंडात घेतलं की ती चघळत राहायची आणि शेवटी चोथा हातात काढून ठेवायची.

"सुतळी चावल्यासारखं लागतंय," ती म्हणाली.

तेव्हा स्वयंपाक मी करत होतो. तीस वर्षांच्या संसारात मला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. विजयनगरात माझं शिवणकामाचं दुकान आहे, माझा दिवस तिथे जायचा. चिकन तिच्या हातचं इतकं मऊ कसं होतं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारावं तर बोलताना तिचा घसा दुखायचा.

मग फोनवर एक कन्नड व्हिडिओ सापडला. चिकन मिठाच्या पाण्यात मुरत ठेवलं तर शिजल्यावर कोरडं पडत नाही, असं त्यातला माणूस सांगत होता. तो मीठ तोलून घेत होता. आमच्या घरी काटा नव्हता. मी पातेल्यात एक मूठ टाकली, कमी वाटलं म्हणून आणखी एक टाकली, थोडी साखर घातली. तिला गिळायला सोपं जावं म्हणून तुकडे अगदी बारीक केले. त्याने सांगितलेले चार तास अख्ख्या कोंबडीसाठी होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. सकाळी पातेलं फ्रिजमध्ये ठेवून दुकानात गेलो. शाळेच्या गणवेशांचे दिवस होते. परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती.

पाणी ओतून दिलं आणि तुकडे न धुता तसेच सारूत, म्हणजे पातळ रश्श्यात, सोडले. शिजल्यावर एक तुकडा बोटांनी दाबून पाहिला. लोण्यासारखा तुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी जमलं होतं. मी नुसता रस्सा चाखला, तो ठीक होता. तुकडा चाखला नाही. तो तिच्यासाठी होता.

ताटली घेऊन तिच्याजवळ बसलो. तिने एक घास घेतला.

"मऊ झालंय," ती म्हणाली. थोडी हसलीही.

मग तिचा चेहरा बदलला. तोंडात आतून सगळीकडे फोड होते, त्यांना मीठ लागलं. तिने डोळे घट्ट मिटले, ओढणीचा बोळा तोंडावर धरला, पण घास बाहेर काढला नाही. गिळला. आणि पुन्हा ताटलीकडे हात नेला.

"नको. टाक ते," मी म्हणालो.

"तुम्ही एवढं केलंत."

मी तिचा हात धरला, तरी तिने दुसरा तुकडा उचललाच. तो मात्र गिळता आला नाही. "साकु," ती म्हणाली, पुरे, आणि रडू लागली. मी उरलेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला. माझ्या धडधाकट तोंडातही तो ठेववत नव्हता.

पुढचे तीन दिवस तिच्या घशाखाली दूधही उतरलं नाही. चौथ्या दिवशी नाकातून नळी घातली.

"ते आज ना उद्या होणारच होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते दोनदा सांगितलं, म्हणून मला ते खरं वाटलं नाही.

त्यानंतर मी नाचणीची पेज गाळून सिरिंजने नळीत सोडायचो. तिला चवीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. एका दुपारी तिने खुणेने मला बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काहीतरी फोडणीला घाला. वास तरी येऊ दे."

मी कांदा चिरला, तेल तापवलं, कढीपत्ता टाकला. कांदा लालसर व्हायला लागला होता, तोवर तिने आतून हाक मारली. मळमळत होतं तिला.

"बंद करा," ती म्हणाली. "माफ करा हं."

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिच्या पायाशी जाऊन बसलो. महिन्याभरात ती गेली. तिने माझी माफी का मागावी, हे मला त्या दुपारी तिला विचारता आलं नाही.