फळी मात्र शाबूत राहिली

१९७८ साल. मे महिन्याचा शेवटचा रविवार, लखनऊत लू, म्हणजे भाजणारे गरम वारे, चालू. चूक कबूल करायची मला सवय नाही. ही एक सांगतो. मध्येच हसू नका.

मी सुतार. शिक्षण चौथी. सांगलीहून येऊन लखनऊच्या महानगर नावाच्या मोहल्ल्यात भाड्याने राहत होतो. बायकोसाठी लोखंडी कपाट घेतलं, ऐंशी किलोचं. हातगाडीवाल्याने ते दारात आणलं. ओटा छातीएवढा उंच, पायऱ्या अरुंद. म्हणून फळीवरून वर ओढायचं ठरलं. फळी एकच होती, तीही पातळ. मोडली तर कपाट गेलं, आणि सुताराची अब्रूही.

तेवढ्यात शेजारचे देवधर साहेब आले. संशोधन संस्थेत मोठे शास्त्रज्ञ. म्हणाले, "शंकरराव, तिरक्या फळीवर सगळा भार पडत नाही." सब्जीच्या यादीमागे आकडे मांडले. तीस अंशांवर फळीवर सत्तर किलोचा दाब. साठ अंशांवर चाळीसच.

"म्हणजे फळी जितकी उभी, तितका दाब कमी?"

"हो. पण—"

"पुढचं मला समजतं," मी म्हणालो. चाळीस हे ऐंशीच्या निम्मे, हे चौथीवाल्यालाही कळतं. साहेब पिशवी घेऊन बाजारात गेले.

फळी जवळजवळ शिडीसारखी उभी केली. हातगाडीवाला म्हणाला, "चचा, फिसलेगा." त्याला सांगितलं, हिशोब शास्त्रज्ञाने केलाय. त्याने कपाटाला दोर बांधला. आम्ही दोघं वरून दोर ओढू लागलो.

फळी कुरकुरलीसुद्धा नाही. अर्ध्यावर कपाट थांबलं, जरा विचार केल्यासारखं, आणि उलटं निघालं. दोर तळहातांची सालं घेऊन गेला. खाली मिश्राजींची सायकल उभी होती. उभी होती, म्हणजे तोवर.

मिश्राजी समोर राहत, छावणीत कारकून. रिटायर व्हायला तीन महिने उरलेले, आणि सबंध नोकरीत एक दिवस उशीर नाही. हाच त्यांचा मान. ते बाहेर आले. आधी सायकलकडे पाहिलं, मग फळीकडे.

"मिस्त्रीजी, पटरा तो साबुत है."

लखनऊचा माणूस, शिवी देत नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी साहेबांना विचारलं, त्या 'पण'च्या पुढे काय होतं? म्हणाले, "फळीवरचा भार कमी होतो, तसा घसरायचा जोर वाढतो."

सायकलवाल्याने दुरुस्तीला महिना सांगितला. सोमवारपासून मिश्राजी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर, थेट छावणीपर्यंत. गोमतीच्या पुलाचा चढ आला की माझा भाता व्हायचा. उतरू का, असं ते अदबीने विचारायचे. मी नको म्हणायचो. एकदा मागून शांत आवाज आला.

"मिस्त्रीजी, चढ़ाई पर तो मेरा वज़न भी कुछ कम पड़ता होगा?"

मी नुसता पायडल दाबत राहिलो. दम नव्हता.

महिनाभर त्यांना एकदाही उशीर झाला नाही. मग सायकल दुरुस्त होऊन आली. मीच ती पुसून, हवा भरून त्यांच्या दारात लावली.